अकराव्या मजल्यावरचा पोपट

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, तुझा तर नाहीच नाही," मिस्त्री बायकोच्या पलंगाशेजारी स्टूल ओढत म्हणाला. "पण आज मी नळीतून पोपट काढला. जिवंत. वर बोलणारा!"

बायको छताकडे बघत होती.

संध्याकाळचे सहा वाजले होते. मिस्त्री रोजच्यासारखा पुढच्या दाराने आत आला होता, दारात बूट काढून, हात धुऊन. निळ्या गणवेशाची इस्त्री अजून कडक होती. बहिणीच्या सेवेला येऊन राहिलेल्या मेहुणीने विचारलं, "भाऊजी, दुपारी जेवलात?"

"कामावर खाल्लं."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता चादरीच्या घड्या घालू लागली.

उंच इमारतींतल्या कचऱ्याच्या नळ्या साफ करणं, दुरुस्त ठेवणं हा मिस्त्रीचा धंदा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि पहिल्या आठवड्यापासून घरात एक रिवाज होता. संध्याकाळी त्याने दिवसभराची हकिगत सांगायची, तिच्यात एकच थाप मिसळायची, आणि बायकोने ती नेमकी पकडायची. ती बोट वर करायची, "थांबा. खोटं." एकोणतीस वर्षांत तिचा नेम एकदाही चुकला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "त्यांना सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले होते. "घरातली जुनी सवय असेल ती मोडू नका. वर्षभरात बोलल्या तर बोलल्या."

मिस्त्रीने मान डोलवली होती. तेव्हापासून त्याला ना रडू आलं, ना राग. ताटात पडेल ते तो खायचा, दिवा मालवला की आडवा व्हायचा. थापा तेवढ्या दिवसेंदिवस फुगत चालल्या होत्या. आंधळ्याच्याही हाताला लागाव्यात एवढ्या.

तर गोष्ट चोविसाव्या मजल्यावर सुरू झाली. वरच्या मजल्यांचा कचरा खाली उतरेना. मिस्त्रीने वरून एकेक मजला उतरत भिंतीतल्या लोखंडी झाकणांना कुलपं घातली, प्रत्येकावर लाल पाटी अडकवली आणि परत वर गेला. यात हयगय चालत नाही. मधूनच कुणी बाटली सोडली, तर खाली डोकं घालून बसलेल्या माणसाचं काही खरं नाही. तळाच्या खोलीत जोडीदाराने कचरा दाबायचं यंत्र बंद केलं आणि वॉकी-टॉकीवर ओरडला, "सोडा, मिस्त्री!"

दोराला लोखंडी गोळा, गोळ्याखाली ब्रश. तेरा मजले तो सुरळीत उतरला. अकराव्यावर धप्प.

"गादी!" मिस्त्री बायकोला म्हणाला. "गुंडाळून कोंबलेली. माणसं नळीला काय समजतात कोण जाणे. मावली असती तर सासूसुद्धा ढकलली असती."

मेहुणी खुदकन हसली. बायकोची पापणी हलली नाही.

मिस्त्रीने अकराव्या मजल्यावरचं झाकण उघडून बॅटरी मारली. गादीवर, कांद्याच्या सालांच्या ढिगात, पोपट बसलेला. आणि थेट कमिटीच्या अध्यक्षांच्या आवाजात म्हणतो, "झाकण लावा! झाकण लावा!"

इथे मिस्त्री थांबला. बायकोचा डावा हात चादरीवर होता. तिथेच राहिला.

मग त्याने पोपट फुगवला. तो म्हणे तीन महिने नळीतच होता. येणाऱ्या कचऱ्यावरून त्याला घरोघरची बित्तंबातमी. बाराव्या मजल्यावरचे काका पथ्याच्या नावाखाली काय काय चापतात, ते त्याने काकूंसमोर घडाघडा म्हणून दाखवलं. काका अंगातल्या बनियनवर जिना उतरून पळाले.

हात चादरीवरच.

"आणि शेवटी दोर ओढायला कोण? पोपट! चोचीत धरून."

"भाऊजी, बास करा आता," मेहुणी म्हणाली. "एवढी थाप तर समोरच्या बिल्डिंगमधूनही पकडता येईल."

"तू गप्प बस. हा तुझा डाव नाही."

"अहो, पण ती..."

"गप्प बस म्हटलं ना."

तो चिडून नाही, घड्याळातली वेळ सांगावी तसा बोलला. मेहुणीने उशीचा अभ्रा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

मिस्त्रीने उरलेली गोष्ट उरकली. रोज याच शब्दांत उरकायचा. "मग काय, अडथळा काढला, कुलपं काढली, जोडीदाराला चहा पाजला आणि साडेपाचला कामावरून निघालो. झालं."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

चादरीवरचं बोट वर झालं होतं.

आधी त्याला वाटलं, नजरेचा खेळ. मग तिच्या घशातून खरखर आली, वर्षभर न उघडलेलं दार ढकलावं तशी.

"खो... टं."

मेहुणीच्या हातून अभ्रा पडला. मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"पोपट!" तो तिच्या तोंडाजवळ वाकला. "पोपट ना गं? पोपटच खोटा ना?"

तिने मान हलवली. नाही. डोळे छतावरून काढून त्याच्याकडे वळवले आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलली.

"पोपट... असेल. तुम्ही... कामावर... गेलाच नाहीत. आठ महिने... या भिंतीपलीकडच्या खोलीत... दिवसभर... तुमचा खोकला ऐकतेय मी."