नळाचं पाणी

शैवालाच्या जिवंत पेशींचं हिरवं लेबल सिंधूबाई टेकाळेंच्या औषधी गांजाच्या पुडीला चिकटताच लालभडक झालं. नगरपरिषदेच्या सेंद्रिय कक्षातला बोरकुटे म्हणाला, "विषारी अंश. प्रमाणपत्र रद्द."

सिंधूबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "तीन वर्षं फवारणीच्या औषधाचा डबा बांधावर येऊ दिला नाही मी! कीड हातानं वेचली. पाणीसुद्धा तुमच्याच नियमाप्रमाणे नळाचं दिलं, स्वतःची विहीर असताना!"

"लेबल खोटं बोलत नाही, ताई. उगाच नाही आमच्या नगरपरिषदेनं हा लेबलाचा नियम सगळ्यांच्या आधी केला." पेलाभर पाणी घटाघटा पिऊन त्यानं दुसरा पेला भरून पुढे सरकवला. "शांत व्हा. पाणी घ्या."

"कुठलं हे?"

"नळाचंच."

सिंधूबाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक कोरं लेबल ओढलं आणि पेल्यात बुडवलं. ते पुडीवरच्या लेबलापेक्षाही लाल झालं.

बोरकुटेचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"माझा गांजा दुखणेकरी चिमूटभर घेतात," सिंधूबाई कडाडल्या. "हे पाणी माझी नात जन्मल्यापासून पितेय. आता मारा शिक्का, कुठं मारायचा तिथं!"