तोफेची भरती

पत्र आलं तेव्हा तोफ दाढी करत होती.

तोफ म्हणजे टीव्हीवरच्या संध्याकाळी सातच्या चर्चेतले ते गृहस्थ. वय एकोणपन्नास, आवाज तीन मजले खाली ऐकू जाणारा. गेली अकरा वर्षं खुर्चीत बसून त्यांनी शेजारच्या देशाशी किमान चाळीस लढाया केल्या होत्या. एकीतही त्यांचा चहा गार झाला नव्हता.

बायकोने पाकीट फोडलं आणि शांतपणे वाचून दाखवलं. युद्धाच्या बाजूने जाहीर बोलणाऱ्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक भाष्यकाराने एक वर्ष लष्करात काढायचं. महिनाअखेर तपासणीला हजर व्हायचं.

"हा नियम त्या आठच्या कार्यक्रमवाल्यासाठी होता," तोफसाहेब अर्ध्या गालाच्या साबणासकट म्हणाले.

"मागितला तुम्हीच."

तेही खरंच. आठवाल्याची जिरवायची म्हणून तोफसाहेबांनी दोन महिने टेबल बडवलं होतं: 'ज्याचा शब्द, त्याची भरती.' लोकांना ते इतकं आवडलं की सरकारने त्याच शब्दांत कायदा करून टाकला. आठवाला निघाला बावन्न वर्षांचा. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

रोज साडेपाचला बायको त्यांच्या चष्म्याच्या डबीत एक घडी घातलेला कागद ठेवायची. घरात त्याला दारूगोळा म्हणत. सकाळपासून ती पाच वर्तमानपत्रं आणि कात्री घेऊन बसलेली असायची. त्या दिवशी डबी हातात देताना ती म्हणाली, "एक वर्ष म्हणजे काही फार नाही हो."

"तुला काय जातंय बोलायला?" तोफसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तिने तयारी मनावर घेतली. सकाळी त्यांना उठवून मैदानावर न्यायची. अर्ध्या फेरीत तोफसाहेब बाक गाठायचे, आणि कसं पळायचं ते ती पळून दाखवायची. आधी चार फेऱ्या, मग आठ, मग दहा. घामाने चिकचिक होते म्हणून तिने केसही कानापर्यंत कापून घेतले. एक पत्र्याची ट्रंक आणून तिच्यात घोंगडी, मोजे आणि बूट भरले. तोफसाहेबांनी बूट चढवून पाहिले, तर टाच आत जाईना.

"लहान आहेत गं."

"चामड्याचे आहेत, सैल होतील," ती म्हणाली.

तोफसाहेबांचं बुटांत लक्षच नव्हतं. ते मनापासून घाबरले होते. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तरी उठून दाराला कडी घालायचे. शेवटी ते मेहुण्याकडे गेले. मेहुणा कानाचा डॉक्टर.

"तुझ्या बहिणीला माझी काही काळजीच नाही," ते म्हणाले. "कुंकू पुसायला निघाल्यासारखी सामान भरतेय."

"तिला लग्नाआधी फौजेतच जायचं होतं, भाऊजी. बाबा नाही म्हणाले."

"आणि माझ्याशी लग्न लावून दिलं. म्हणजे आघाडीवरच पाठवलं की."

मेहुणा हसला आणि त्याने दाखला लिहून दिला: दोन्ही कान कामातून गेलेले.

तपासणीच्या दिवशी बायको ट्रंक घेऊनच सोबत आली. लगेच पाठवलं तर पंचाईत नको, म्हणाली. तिला बाहेर बसवून तोफसाहेब आत गेले.

लष्करी डॉक्टरांनी दाखला वाचला. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाले, "तुमचा शर्ट मागून फाटलाय." तोफसाहेब ढिम्म.

"त्या आठच्या कार्यक्रमवाल्याला पुरस्कार मिळाला."

"कोणता?" तोफसाहेब गर्रकन वळले.

"कान उत्तम," डॉक्टरांनी लिहिलं. "नसते तरी तोफखान्यात चालले असते."

पुढच्या टेबलावर अधिकारीबाई होत्या. त्यांनी शिक्का उचलला आणि तोफसाहेबांचा धीर सुटला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, कायदा काय म्हणतो? ज्याचा शब्द, त्याची भरती. मग ऐका. माझा त्यात एकही शब्द नाही. मी नुसती तोफ आहे. दारूगोळा बायको भरते. रोजचा मजकूर तीच लिहिते. हे 'ज्याचा शब्द'सुद्धा तिनेच लिहून दिलं होतं."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

त्यांनी घाईघाईने लिहून सही ठोकली, आणि पुरावा म्हणून डबीतला कालचा कागदही पुढे केला. बाईंनी खणातून कसलासा अर्ज काढला, दोन्हीकडचं अक्षर ताडून पाहिलं आणि मान डोलावली.

"तुम्ही मोकळे."

तोफसाहेब बाहेर आले ते जवळजवळ नाचतच. बायको ट्रंकेवर बसली होती.

"सुटलो. चल घरी." मग जरा खाली बघत म्हणाले, "तुझं नाव घ्यावं लागलं गं थोडं. पण तुला कोण बोलावतंय?"

"लेखी दिलंत?"

"दिलं."

"सही केलीत?"

"केली. रागावलीस?"

ती रागावलेली दिसत नव्हती. तिने चपला काढल्या, ट्रंक उघडून बूट घेतले आणि पायांत चढवले. अगदी मापात बसले. नाड्या आवळून तिने ट्रंक उचलली. दारात येऊन अधिकारीबाई तिला हाताने आत बोलावत होत्या.

"अगं, कुठे निघालीस? सातला माझा कार्यक्रम आहे."

"किल्ली शेजारी ठेवलीय," ती म्हणाली. "मी गेल्या महिन्यातच अर्ज देऊन या बाईंना विचारून घेतलं होतं. तोफ घरी राहिली तरी चालेल म्हणाल्या. त्यांना दारूगोळा हवाय."