पांढुर्ण्याच्या बसमधलं ताट

छायाचं लग्न होऊन ती सौंसरला नांदायला गेली आणि इकडे पांढुर्ण्यात तिच्या बापाची, बापूजींची, भूकच मेली. घास तोंडाशी नेला की मळमळायचं. नागपूरला बेरियम पाजून एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले, "पोट ठणठणीत आहे. पोटाचं आणि डोक्याचं बोलणं तेवढं बंद पडलंय."

लेकीच्या उंबऱ्यात पाय ठेवला की मात्र हीच भूक वाघासारखी उठायची. पण लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या सासरी, अगदी तिच्या गावातही, अन्नाला शिवायचं नाही, ही घराण्याची रीत. माणूस वाळत चालला. शेवटी तोड छायानंच काढली. सौंसरच्या स्टँडवर उभ्या बसच्या पाटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "पांढुर्णा लिहून हाये ना, बाबा? मंग आतमधी आपलंच गाव झालं."

तेव्हापासून बापूजी एक दिवसाआड सौंसरला येऊन परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून छायानं आणलेलं भाकर, झुणका, ठेचा असं पोटभर जेवू लागले. कंडक्टर "सावकाश होऊ द्या" म्हणायचा आणि ताट रिकामं झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. बापूजींच्या अंगावर मांस चढलं.

पुढं छायाला मुलगा झाला. रीत फिटली. जावयानं स्वतः पाट मांडला, छायानं पुरणपोळीवर तुपाची धार धरली. बापूजींनी घास उचलला, तसाच परत ठेवला आणि ओशाळून विचारलं,

"छाया, पांढुर्ण्याची बस लागली असंन का वं आता?"