उरलेले पैसे

"मॅडम, माझ्या मुलीने आता अर्ध्यातच शिक्षण सोडायचं का?"

कर्जाच्या ऑफिसातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी त्याच्या हातातलं पत्र घेतलं. मुलीचं सरकारी शैक्षणिक कर्ज बंद करण्यात आलं आहे, एवढंच त्यात होतं. जामीनदार म्हणून ते त्याच्या नावाने आलं होतं. सकाळपासून तो धुमसत होता. रांगेतल्या दोघांना त्याने ते वाचूनही दाखवलं होतं.

आवाज चढवला खरा, पण आतून तो घाबरलेला होता. दीड वर्षापूर्वी वर्कशॉपमध्ये लेथवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने महिनाभर सांभाळून घेतलं, मग दुसरा माणूस ठेवला. मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. थोड्याच दिवसांत तिच्याकडून पैसे आले. कर्जात राहण्याखाण्याचाही खर्च धरलेला असतो, माझं थोडक्यात भागतं, वर उरतात, असं तिने फोनवर सांगितलं. त्यानंतर एकही महिना चुकला नाही. घरभाडं त्यातूनच जाई. लेकीच्या शिक्षणाचे पैसे आपण खातोय, हे त्याला टोचायचं. मग तो स्वतःची समजूत घालायचा. व्याज नावापुरतं आहे, फेड शिक्षण संपल्यावर सुरू होणार, तोवर आपण कुठेतरी चिकटूच. आता मात्र त्याला वाटत होतं, ऑफिसला सगळं कळलेलं दिसतंय.

बाई कॉम्प्युटरमध्ये बघत राहिल्या, तसा त्याचा धीर सुटला.

"चूक माझी आहे," तो हळूच म्हणाला. "कर्जातले पैसे ती घरी पाठवते. पण घेतो तर मीच ना? तिचं खातं परत सुरू करा."

"कर्जातले? कसे पाठवेल?" बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "तिने एकच हप्ता उचललाय, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला. मग कॉलेज सोडलं. वर्षभर उचल नाही, म्हणून खातं बंद झालं."

त्याने दोनदा वाचलं. नाव, जन्मतारीख, सगळं तिचंच होतं. बाईंचा सूर मऊ झाला. पुन्हा प्रवेश घेतला तर कर्ज परत सुरू करता येतं, असं सांगून त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. त्यावर मुलीची आणि जामीनदाराची, दोघांची सही लागणार होती.

बाहेर जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. तिने बऱ्याच वेळाने उचलला. लेक्चर सुरू होतंय बाबा, या महिन्याचे परवा पाठवते, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. तिला फोन ठेवायची घाई होती.

 अर्जाची नीट घडी घालून त्याने तो खिशात ठेवला.

"कामावरून किती वाजता सुटतेस, बाळा?" त्याने विचारलं.