दोन मिनिटं वनमालाबद्दल

"आता कोणी आत जायचं नाही, बोलायचं नाही, जमलं तर खोकायचंही नाही," असं निरंजनरावांनी बजावलं आणि स्वतःच खोकले.

खोलीत त्यांच्या लेकीची, ईराची, लॅपटॉपवर परीक्षा सुरू झाली होती. परीक्षा इंग्रजीची, घेणारा सातासमुद्रापार, आणि देणारी इथे हिंदी मुलखात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी, आपल्याच पलंगाशेजारी बसलेली. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं होतं, घड्याळ काढायला लावलं होतं. कॅमेरा फिरवून ईराने पलंगाखालचा पसारासुद्धा त्या परक्या माणसाला दाखवला होता. ईराच्या आईला, वनमालाला, त्याचीच जास्त लाज वाटत होती.

"केजीपासून पोट्टी इंग्रजी शाळेत शिकली," ती दाराबाहेर कुजबुजली. "तरी हिले इंग्रजी येते का, हे काहून विचारून राहिले?"

"आयर्लंडच्या युनिव्हर्सिटीचा नियम आहे. सोमवारपर्यंत मार्क गेले नाही तर अ‍ॅडमिशन गेली. आता चूप बस."

ती चूप बसली. पण चूप बसून डोक्यातला गुंता थोडाच सुटतो? पोरीने जावं असं तिला वाटत होतं, आणि जाऊ नये असंही. सकाळी देवापुढे उभी राहिली तेव्हा नेमकं काय मागावं तेच कळेना, म्हणून तिने नुसताच नमस्कार करून घेतला होता.

दाराआडून ईराचं इंग्रजी ऐकू येत होतं. आधी सरसर, मग अडखळत. मध्येच ते थांबलं, आणि त्या शांततेत एक शब्द स्पष्ट आला.

"वनमाला."

या घरात हे नाव कोणी घेत नसे. निरंजनरावांसाठी ती 'अगं' होती, ईरासाठी आई, मोहल्ल्यातल्या लोकांसाठी भाभी. वनमाला दचकली. आतून पुन्हा तेच, "वनमाला." आणि जरा वेळाने, अगदी रडकुंडीला आल्यासारखं, तिसऱ्यांदा.

"ओ," म्हणत तिने दार उघडलं.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. कोणा पुरुषाचा आवाज काहीतरी विचारू लागला. ईरा हात जोडून भराभर सांगत होती. त्यातलं 'मदर' आणि 'सॉरी' एवढंच वनमालाला कळलं. मग पडदा काळा झाला.

"कॅन्सल कर दिया," ईरा म्हणाली. "कमरे में कोई आ गया इसलिए. कल सुबह एक बार और बैठने देंगे. बस, लास्ट चान्स."

निरंजनरावांनी कपाळाला हात लावला. "तुले हजारदा सांगितलं होतं. का पोट्टीले जाऊच द्यायचं नव्हतं तुले मनातून?"

हे मात्र वर्मी लागलं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर तेही खोटं.

"तिनंच बोलावलं," वनमाला म्हणाली. "तीनदा नाव घेतलं. ओ नाही द्यायची का मी?"

"मैंने नहीं बुलाया, आई." ईरा खाली मान घालून नखं कुरतडत होती. "टॉपिक आया था. घर का ऐसा एक इन्सान, जिसे आप सबसे अच्छे से जानते हो. उस पर दो मिनट बोलना था. मैंने तुझे लिया, आसान लगा. नाम बताया. बोला कि खाना अच्छा बनाती है. फिर आगे कुछ सूझा ही नहीं. तो नाम ही लेती रही."

निरंजनराव खिडकीबाहेर बघू लागले. वनमालाला रागवावं की हसावं ते समजेना. वाईट मात्र फार वाटलं. ते पोरीला दिसू नये म्हणून तिने पलंगावरची चादर उगाच ओढून सरळ केली.

"मग मलेच विचारायचं होतं ना पहिले."

"अभी बता दे. कल फिर वही टॉपिक आया तो?" ईराने डोळे पुसले, खुर्ची ओढून ती समोर बसली आणि मोबाइलवर दोन मिनिटं लावली. "इंग्लिश मैं कर लूँगी. तू सिर्फ अपने बारे में बोल."

वनमाला सावरून पलंगाच्या कडेला बसली. पदर नीट केला. पोरीची अ‍ॅडमिशन आता आपल्या बोलण्यावर आहे म्हटल्यावर तिने घसाही साफ केला.

"माझं नाव वनमाला," ती म्हणाली. "मले सैपाक चांगला येते."

मग ती थांबली. तिने ईराकडे बघितलं. ईराने बापाकडे बघितलं. मोबाइलवर सेकंद पळत होते, आणि पुढचं वाक्य दुसरं कोणीतरी सांगेल म्हणून तिघंही वाट बघत बसले.