काचेआडची ताई

डॉक्टरांनी किरणं सोडणाऱ्या पेडलवरून पुन्हा पाय उचलला आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. काचेपलीकडे टेबलावर ताईची धाकटी बहीण निजली होती. काचेअलीकडे, एक्स-रे मशीनच्या बटणांपाशी, ताई बसली होती. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला सकाळपासून वाटत होतं.

चित्र तरी कसलं! धूळ बसलेल्या आरशात बघावं तसं, आणि तेही एवढ्याशा चौकोनात. बाकीचं पोट डॉक्टरांनी मशीनच्या झडपा ओढून किरणांबाहेर ठेवलं होतं. जांघेतून घातलेली बारीक नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची, तिथे बारीक कण सोडायचे आणि गर्भाशयातल्या गाठींचा रक्तपुरवठा तोडायचा. मग गाठी आपोआप सुकतात. हे सगळं म्हणे त्या चौकोनात बघून होणार होतं.

धाकटीला मूल हवं होतं. दोन दवाखान्यांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं, पण ही ऐकेल तर शपथ. या नव्या डॉक्टरांनी हा इलाज सुचवला आणि मूल होईलच अशी हमी देत नाही, हेही तोंडावर सांगून टाकलं. धाकटीला माणूस खरा वाटला. ताईला वाटलं, हा आधीच हात झटकून मोकळा झाला.

डॉक्टरांना येऊन दोन महिने झाले होते. आल्या आल्या त्यांनी मशीनचा वेग सेकंदाला पंधरा चित्रांवरून चारवर आणला. दर थोड्या वेळाने किरणांचा आकडा विचारायचे आणि तो वाढला की कपाळाला आठी. ताईने तर्क बांधून टाकला होता, हा गडी स्वतःच्या जिवाला जपतो. जुने डॉक्टर एकदा पेडलवर पाय ठेवला की काम संपेपर्यंत उचलत नसत. त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं ताईने असे लख्ख फोटो काढले होते की अख्खा मजला तिला फोटोवाली म्हणायचा. आत जाता जाता धाकटीनेही चेष्टा केलीच, की माझा फोटो छान काढ हं, नाहीतर आईला सांगेन.

डावी बाजू झाली. उजवीकडची रक्तवाहिनी मात्र नागमोडी निघाली. नळी एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली, तशी ताई पडद्याकडे वाकली. याला धड दिसत नाहीये आणि हा कबूलही करत नाहीये. जागा चुकली तर धाकटीचं काय? तिने कुणाला न विचारता दोन बटणं दाबली. वेग पंधरावर गेला, किरणं वाढली, चित्र लख्ख उजळलं. तिला जरा हायसं वाटलं.

अर्धं मिनिट गेलं असेल नसेल, डॉक्टरांनी पाय उचलला.

"चित्र एकाएकी एवढं छान का दिसतंय?"

स्पीकरमधून आलेला आवाज शांत होता, पण चोराच्या मनात चांदणं. मशीन कधी कधी आपोआप वाढवतं, असं ताई कसंबसं म्हणाली. डॉक्टरांनी आकडा विचारला. तिने वाचला, आणि खात्री करायला पुन्हा वाचला. आधीच्या पाच मिनिटांत चढला नव्हता तेवढा तो त्या अर्ध्या मिनिटात चढला होता. मग तिने खरं काय ते सांगून टाकलं. बटणं मी दाबली सर, माझी बहीण आहे, तुम्हाला दिसत नसेल असं वाटलं.

"मला हवं तेवढं दिसत होतं," डॉक्टर म्हणाले. "ताई, तुम्ही काचेआड आहात. मी शिशाच्या एप्रनआड आहे. तिच्या अंगावर नुसती चादर आहे, आणि अंडाशयं तिथेच शेजारी आहेत."

अठरा वर्षांतले लख्ख फोटो ताईच्या डोळ्यांपुढून गेले, आणि पहिल्यांदाच त्या फोटोंखालच्या चादरी दिसल्या. तिला स्वतःची लाज वाटली. तिने वेग चारवर आणला, किरणं उतरवली, आणि डॉक्टरांनी न सांगता झडपाही आणखी बोटभर आत घेतल्या. डॉक्टरांनी मान हलवली. तिसऱ्या खेपेला नळी वळणातून अलगद पुढे सरकली.

टेबलावर गुंगीतल्या धाकटीने काचेकडे तोंड केलं.

"ताई, फोटो छान येतोय ना गं?"

ताईने डोळे पुसले आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"नाही गं राणी," ती म्हणाली, "जमेल तितका खराब काढतेय."