कुंदनचा निंब

नीलेशने रसवंतीवाल्याकडून वायर ओढून आणली, ग्राइंडर एकदा चालवून पाहिलं आणि बंद केलं. बेबाबाई निंबाला पाठ लावून उभ्या होत्या. पाण्याने भरलेला हंडा त्यांच्या पायाशी होता.

"नाना, पाटीले हात नका लावू."

अभिमन नाना एक पाऊल मागे सरले. दोंडाईच्याच्या स्टेशन रस्त्यावरची झाडं जगवणाऱ्या मंडळींत तेच सगळ्यांत वयस्कर. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. नाना झाडालाही अहोजाहो करतात, असं नीलेश सगळ्यांना सांगायचा. आज त्याने थट्टा केली नाही.

रोप लावलं की भोवती लोखंडी जाळी बसवायची आणि जाळी देणाऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव वरच्या कड्यावर पाटी करून लावायचं, ही मंडळींची पद्धत होती. खोड जाड होऊ लागलं की कडं सैल करायचं, पुढे जाळीच काढून दुसऱ्या रोपाला द्यायची. या निंबाचं कडं मात्र कुणी कधी सैल केलं नव्हतं. दर वेळी बेबाबाई मध्ये यायच्या, राहू द्या म्हणायच्या. पाटीवरचा कुंदन त्यांचा एकुलता एक. आईला नाही कसं म्हणायचं, म्हणून मंडळी मुकाट्याने पुढच्या झाडाकडे वळायची.

आता वरचं कडं खोडात पार रुतलं होतं. बाहेर दिसत होती ती फक्त पाटी. चैत्र सरत आलेला. रस्त्यावरचे बाकीचे निंब पालवीने भरून गेले होते. याच्या एकाच फांदीवर पाला होता.

नानांनी खाली बघतच समजावलं. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं, कडं ती वाट अडवून बसलंय, असंच ठेवलं तर झाड हा पावसाळा काढायचं नाही. आपल्याला नक्की ठाऊक नाही, पण पुस्तकात तसं दिलंय, हेही त्यांनी जोडलं. जोडायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं.

बेबाबाईंनी नेमकं तेवढंच धरलं. नक्की नाही तर कापता कशाला? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. गेलेल्या माणसाच्या नावाने लोक घरात पाण्याची घागर भरून ठेवतात. कुंदनची घागर त्या इथे, पाटीखाली ठेवायच्या. पाटीच नसली तर पोराने कुठे यायचं, असं त्यांनी विचारलं.

शेजारी एक खांब रोवू, पाटी त्यावर लावू, नवा रंगही देऊ, नाना म्हणाले.

"खांबाले पानी टाकू का मी?"

नानांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. उत्तर नीलेशने दिलं, हातातली वायर सोडवत, बाईंकडे न पाहता.

"मावशी, झाड वाळनं त हाऊ बी खांबच शे."

मिरचीच्या पोत्यांचा ट्रक गेला. रस्ताभर ठसका राहिला. बेबाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मान वर करून फांद्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग हंडा उचलून बाजूला झाल्या.

ग्राइंडर सुरू झालं. ठिणग्या सालीवर पडू नयेत म्हणून नानांनी ओलं फडकं धरलं होतं. मागची बाजू सुटली, दोन्ही बाजूंचे तुकडेही नीलेशने ओढून काढले. ते निघाले तिथे खोडाला खोल चर पडला होता. एका बाजूला ओलसर, दुसऱ्या बाजूला कोरडा. कोरड्या बाजूवर नीलेशने बोट फिरवलं तर भुसा खाली पडला.

राहिला पाटीकडचा तुकडा. तो हलेना. सालीने पाटीची एक कड गिळली होती. नीलेशने छिन्नी घेतली, तेव्हा नानांनी तिच्यावर हात ठेवला. पाटी ओढली तर सोबत साल येईल, आणि हिरवी फांदी याच बाजूची आहे, असं ते म्हणाले.

बेबाबाई जवळ आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पदराने पाटी पुसली आणि साल चढली होती तिथे बोट ठेवलं.

"कोनतं अक्षर गयं?"

"पहिलं," नाना म्हणाले.

बेबाबाई उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. पाटी इथेच राहील ना, असं त्यांनी विचारलं. राहील, नाना म्हणाले. आता कुणी काढणार नाही. फक्त साल हळूहळू तिच्यावर चढत जाईल.

"बठ्ठं नाव आत जाई?"

नानांनी कोरड्या बाजूकडे पाहिलं. याही वेळी नक्की ठाऊक नाही म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं.

"झाड जगलं तर सगळं जाईल, अक्का."

नीलेशने लोखंडाचे तुकडे पोत्यात भरले. रसवंतीवाला वायर मागत होता. बेबाबाईंनी हंडा कमरेवर घेतला, मग तसाच खाली उतरवला आणि दोन्ही हातांनी कलता करून सगळं पाणी बुंध्याशी ओतलं.

जमीन टणक झाली होती. पाणी मुरेना. त्या वाकून त्याच्याकडे बघत राहिल्या.